चौथा क्रमांक, ०.१५ चा फरक आणि ‘पंचांच्या मर्जीचा खेळ’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी नऊ वर्षांची, दोन वर्षं आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स शिकते आहे. जिल्हा स्पर्धेत बीमवर, म्हणजे अरुंद, उंच दांड्यावर करायच्या कसरतींत, ती चौथी आली आणि तिसऱ्या क्रमांकापेक्षा तिला ०.१५ गुण कमी पडले. घरात काका आणि मामा दोघेही कुस्ती-कबड्डीचे शौकीन. त्यांचं म्हणणं, ‘जिथे पंचाच्या मर्जीवर पदक ठरतं, त्याला खेळ का म्हणायचं? पोरीला कबड्डीत घाला, तिथे जिंकला तो जिंकला.’ आणि तुम्ही विचारताय की यात तथ्य किती.

यात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले आहेत. पहिला, माणसाने गुण दिले म्हणून खेळाचा खरेपणा कमी होतो का? दुसरा, त्या दिवशी त्या पंचांनी तुमच्या मुलीला योग्य गुण दिले का? पहिल्याचं उत्तर ठामपणे देता येतं. दुसऱ्याचं उत्तर टेबलावर किती पंच होते, ते कुणाशी संबंधित होते, संच (म्हणजे सलग करायच्या कसरतींची मालिका) ठरवून दिलेला होता की स्वतः रचलेला, यावर अवलंबून आहे. ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण तुम्ही ते कसं शोधायचं हे नक्की सांगता येईल.

आधी काका-मामांच्या बाजूने बघू, कारण त्यांचा मुद्दा हलका नाही. मातीवरच्या निकाली कुस्तीत गुणच नसतात. चितपट झाली की संपलं, नाहीतर बरोबरीत सोडवली. हजारो माणसं बघत असतात आणि निकाल सगळ्यांना एकाच क्षणी कळतो. पण तिथेही दोन्ही खांदे टेकले की एकच, हे कोण सांगतं? आखाड्यात वाकून बघणारा पंचच. कुस्ती मॅटवर आली की पंचाचं काम आणखी वाढतं. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत बाहेरची टांग या डावाला ४ गुण मिळाले आणि राज्यभर वाद पेटला. त्या वादाचं मूळ अगदी नेमकं होतं. प्रतिस्पर्ध्याला नुसतं खाली आणलं तर २ गुण. खाली आणताना त्याची पाठ मॅटकडे ९० अंशांपेक्षा कमी कोनात वळली, म्हणजे तो धोक्याच्या स्थितीत गेला, तर ४. तो कोन क्षणभर टिकतो आणि डोळ्यांनी ठरवावा लागतो. जिम्नॅस्टिक्सचा पंच उडीतला पायांचा कोन बघतो, त्याहून हे काम वेगळं नाही.

पॅरिस ऑलिंपिकमधली विनेश फोगट आणि युई सुसाकी यांची लढत आठवा. सुसाकी २-० ने पुढे होती. ते दोन्ही गुण कुठल्याही डावाचे नव्हते, विनेश निष्क्रिय आहे असं पंचांनी ठरवल्यामुळे मिळालेले होते. निष्क्रियतेचा इशारा देऊन पंच ३० सेकंदांचं घड्याळ लावतात आणि त्या वेळात गुण झाला नाही तर समोरच्याला १ गुण मिळतो. विनेशने अगदी शेवटी सुसाकीला खाली आणून २ गुण घेतले. २-२ झाल्यावर मोठ्या गुणाचा डाव तिचा म्हणून ती पुढे गेली, जपानने दाद मागितली, ती फेटाळली गेल्याने आणखी १ गुण मिळाला आणि लढत ३-२ ने संपली. समोरासमोरची, घाम गाळणारी, कुणालाही खोटी म्हणता येणार नाही अशी लढत. तरी त्या लढतीतल्या एकूण पाच गुणांपैकी दोन पंचांच्या मतातून आलेले आणि एक दाद फेटाळल्याचा.

कबड्डीचंही तेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यात भारत-इराण २८-२८ असताना पवन सेहरावत चढाईत कुणालाही न शिवता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत, गेला आणि इराणचे खेळाडू त्याच्यामागे लॉबीत उतरले. आता बाद कोण? एका नियमाप्रमाणे फक्त चढाईपटू, दुसऱ्याप्रमाणे लॉबीत गेलेले बचावपटूसुद्धा. सामना तासभर थांबला, निर्णय फिरले आणि शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. खेळाडू सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते, काय घडलं हेही सगळ्यांनी पाहिलं होतं. वाद होता तो नियम कोणता लावायचा याचा. बॉक्सिंगमध्ये तर समोरासमोर लढूनही सगळं पंचांच्या हातात जातं. टोकियो ऑलिंपिकमध्ये मेरी कोमने तीनपैकी दोन फेऱ्या ३-२ अशा घेतल्या, तरी ती हरली. पहिली फेरी १-४ अशी गेली होती, आणि बॉक्सिंगमध्ये फेऱ्या मोजत नाहीत. प्रत्येक पंच तिन्ही फेऱ्यांची आपली बेरीज करतो आणि पाचपैकी किती पंचांची बेरीज कुणाच्या बाजूने, ते बघतात. पाचपैकी तिघांची बेरीज इन्ग्रित व्हॅलेन्सियाच्या बाजूने पडली.

म्हणून ‘गुण देऊन ठरणारे’ आणि ‘समोरासमोरचे’ अशी सरळ रेघ ओढता येत नाही. फरक आहे तो पंचाच्या वाट्याला काय येतं याचा. कुस्तीत नव्वद टक्के काम प्रतिस्पर्धी करतो. पकड कच्ची असेल तर तो सुटतो, तोल गेला तर तो पाडतो. पंचाकडे उरतात ते मोजके क्षण. बीमवर प्रतिस्पर्धी नसतो, त्यामुळे कच्ची पकड आणि गेलेला तोल पंचालाच टिपावा लागतो, आणि तोही ९० सेकंदांच्या संचातल्या प्रत्येक सेकंदाला.

आपल्याकडे तर हे दोन्ही खेळ एकाच तालमीत वाढले आहेत. मल्लखांब हा मुळात मल्लाच्या सरावाचा खांब. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी ज्याला नवं रूप दिलं तो हा व्यायाम पैलवानाच्या अंगात पकड, लवचिकता आणि दम यावा म्हणून होता. खांबावरच्या कसरतीची स्पर्धा सुरू झाली तेव्हा खांब उलटून झुंजत नाही, म्हणून गुण द्यायला माणसं बसवावी लागली. मामांना हे जरूर सांगा. त्यांच्या तालमीच्या जुन्या भिंतींनी दोन्ही पाहिलेलं आहे.

आता ‘मर्जी’ या शब्दाकडे येतो. जिम्नॅस्टिक्समध्ये मर्जीला जागा होती आणि ती कमी करण्यासाठीच गुणांची पद्धत बदलली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाच्या यांग ते-यंगच्या पॅरलल बार्सच्या संचाचं सुरुवातीचं मूल्य १०.० ऐवजी ९.९ धरलं गेलं. सगळ्या साधनांचे गुण मिळून ठरणाऱ्या वैयक्तिक स्पर्धेत तो तिसरा आला, आणि त्याच्यात व सुवर्ण मिळवणाऱ्या पॉल हॅममध्ये अंतर होतं ०.०४९. तीन पंच निलंबित झाले, पदकं मात्र बदलली नाहीत. त्यानंतर २००६ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने १० पैकी गुण देणं बंद केलं आणि गुणांचे दोन भाग केले. काठिण्याचे डी गुण एक गट मोजतो आणि सादरीकरणाचे ई गुण दुसरा गट.

डी गुण म्हणजे बेरीज. महिलांच्या बीमवर सर्वांत मोठ्या मूल्याची आठ कौशल्यं धरतात. ए दर्जाला ०.१, बी ला ०.२, सी ला ०.३ असं चढत जातं. शिवाय संचात असायलाच हव्यात अशा चार गोष्टींचे प्रत्येकी ०.५ आणि अवघड जोडण्यांचे जादा गुण. ई गुण म्हणजे १० मधून वजावट. लहान चूक ०.१, मध्यम ०.३, मोठी ०.५, पडलं तर १.०. पंच ‘छान वाटलं, ८.२ देऊया’ असं लिहीत नाही. तो कौशल्याची खूण कागदावर काढतो, तिच्याखाली वजावटीचा आकडा टाकतो आणि नजर पुन्हा बीमवर नेतो. बेरीज शेवटी होते. त्याला विचारलं तर प्रत्येक ०.१ कुठे गेला हे कागदावरून सांगता यायला हवं. ज्याला ते सांगता येत नाही त्याने टेबलावर बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दीपा कर्माकरचं रिओ ऑलिंपिक २०१६ मधलं व्हॉल्टचं (धावत येऊन साधनावर हात टेकून मारायच्या उडीचं) उदाहरण घ्या, कारण तिथेही फरक नेमका ०.१५० चा होता. पहिल्या उडीचे डी ६.० आणि ई ८.८६६, मिळून १४.८६६. दुसरी उडी प्रोदुनोवा, डी तब्बल ७.०, ई ८.२६६, मिळून १५.२६६. दोन्हींची सरासरी १५.०६६. कांस्य मिळवणाऱ्या स्वित्झर्लंडच्या ज्युलिया स्टाइनग्रुबरचे १५.२१६. सरासरी असल्यामुळे ०.१५० चा फरक म्हणजे दोन उड्या मिळून ०.३००. प्रोदुनोवावर दीपा उतरली ती गुडघे पूर्ण मुडपून, बसल्यासारखी. खोल बैठकीची वजावट ०.५ असते. ती उडी जरा उंच उभी राहून उतरली असती तर पदक भारताचं होतं. पंचांनी काही हिरावून घेतलं नाही. गेलेला गुण सगळ्या जगाला गादीवर दिसत होता, फक्त तो कसा मोजतात हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नव्हतं.

आता चाहत्यांचा संशय जिथे खरा ठरतो त्या जागा. सगळ्यात मोठी म्हणजे कलात्मकता. बीम आणि फ्लोअरवर (म्हणजे जमिनीवर संगीतासोबत करायच्या कसरतींत) अभिव्यक्ती, लय, संगीताशी मेळ यासाठीही वजावट असते आणि तिथे दोन प्रामाणिक पंचांचं मत वेगळं पडू शकतं. नाव झालेल्या खेळाडूकडे बघताना नजर नकळत सैल होते, हेही खरं. आणि नियम दर ऑलिंपिक चक्राला बदलतात. त्यामुळे ‘चांगलं’ कशाला म्हणायचं हे कुस्तीत समोरचा पैलवान ठरवतो, इथे पुस्तक ठरवतं. हा फरक मी मान्य करतो. उघड लबाडीही झालेली आहे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगच्या जोड्यांत फ्रान्सच्या पंचाचं मतच दबावाखाली गेल्याचं पुढे आलं आणि कॅनडाच्या जोडीला दुसरं सुवर्ण द्यावं लागलं. त्यातूनच तिथली ६.० ची जुनी पद्धत गेली.

पॅरिसचं प्रकरण तर तुमच्या कामाचं आहे, कारण त्यात दाद मागायची पद्धत दिसते. फ्लोअरच्या अंतिम फेरीत अमेरिकेच्या जॉर्डन चाइल्सला १३.६६६ मिळाले. तिच्या प्रशिक्षकांनी एका उडीच्या काठिण्याबद्दल दाद मागितली, ०.१ वाढले आणि १३.७६६ झाल्यावर कांस्य तिचं झालं. रुमानियाच्या आना बर्बोसुचे १३.७०० होते. नंतर क्रीडा लवादाने ठरवलं की ती दाद एका मिनिटाच्या मुदतीनंतर ४ सेकंदांनी नोंदवली गेली होती. कांस्य बर्बोसुकडे गेलं आणि चाइल्सने स्वित्झर्लंडच्या न्यायालयात धाव घेतली. त्याच स्पर्धेत सब्रिना मानेका-व्होइनियालाही १३.७०० होते, पण सादरीकरणाचे गुण कमी असल्याने ती बर्बोसुच्या मागे राहिली. तिचं पाऊल रेषेबाहेर पडलं म्हणून ०.१ कापला होता आणि ते आतच होतं असं तिच्या संघाचं म्हणणं होतं. लवादाने तिचा अर्ज फेटाळला. यात नीट बघा, उडी सुंदर होती की नाही हा वादच नव्हता. उडी मोजली गेली का, पाऊल कुठे पडलं आणि अर्ज किती सेकंदांनी आला, एवढेच प्रश्न होते.

तुमच्या जिल्हा स्पर्धेचा प्रश्न मात्र बहुधा याहून साधा आणि जास्त गंभीर असतो: पंचांची संख्या. चार पंच असतील तर सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा काढून मधल्या दोघांची सरासरी घेतात. समजा प्रामाणिक गुण ८.०, ८.१, ८.१, ८.२ आहेत, सरासरी ८.१. आता एका पंचाने आपल्या क्लबच्या मुलीला ८.१ ऐवजी ८.७ दिले. क्रम होतो ८.०, ८.१, ८.२, ८.७. टोकं काढली की सरासरी ८.१५. म्हणजे ०.६ चा पक्षपात करून हाती लागले फक्त ०.०५. आता टेबलावर दोनच पंच धरा. ८.१ आणि ८.७ ची सरासरी ८.४. तोच पक्षपात आता ०.३ ला पोहोचला, म्हणजे उतरताना टाकलेल्या एका मोठ्या पावलाइतका. तुमच्या ०.१५ च्या दुप्पट. तालुका-जिल्हा पातळीवर स्पर्धक मुलींचे प्रशिक्षकच पंच म्हणून बसलेले दिसतात, कारण दुसरी जाणकार माणसं मिळत नाहीत. त्यांच्या हेतूवर शंका घेण्याआधी टेबलावर किती जण होते हे विचारा. दोन असतील तर संयोजकांकडे पुढच्या वर्षी चार पंचांचा आग्रह धरा आणि स्वतःच्या क्लबच्या मुलीला गुण देताना त्या पंचाने बाजूला व्हावं असंही मागा. ही मागणी सगळ्या पालकांनी मिळून, स्पर्धेच्या आधी आणि लेखी केली तर वजन पडतं. निकालानंतर एकट्याने केलेली मागणी तक्रार ठरते.

तुम्ही आता काय करायचं, तर प्रशिक्षकांकडून मुलीचे डी आणि ई वेगवेगळे मागून घ्या. एकत्रित आकड्यातून काहीच कळत नाही. संच ठरवून दिलेला असेल तर सगळ्यांचे डी जवळजवळ सारखे असतात आणि फरक सगळा ई मध्ये असतो. संच स्वतः रचलेला असेल तर तिसऱ्या आलेल्या मुलीचा डी बघा. तो ०.२ ने जास्त असेल तर तुमची मुलगी प्रत्यक्षात जास्त सफाईदार खेळली होती, तिच्या संचात एक कौशल्य कमी पडलं एवढंच. लहान वयोगटांचे नियम राज्यागणिक थोडे बदलतात, त्यामुळे त्या स्पर्धेला कोणतं परिपत्रक लागू होतं तेही विचारा. दाद मागायची असेल तर ती प्रशिक्षकानेच, ठरलेल्या वेळेत मागायची असते आणि ती सहसा डी गुणांबद्दलच घेतली जाते. ‘ई कमी दिले’ म्हणून टेबलाशी जाऊन उपयोग नाही. पालकाने तर जाऊच नये, त्याने मुलीच्या पुढच्या प्रकारावर परिणाम होतो.

आणि बीमवर पालकांच्या नजरेतून हमखास सुटणारी एक गोष्ट. मुलगी उडीच्या आधी थांबते, श्वास घेते, आपल्याला वाटतं किती शांत आहे. तो थांबा २ सेकंदांपेक्षा लांबला की दर वेळी ०.१ जातो. तीन उड्यांआधी तीनदा थांबली की ०.३ गेले आणि प्रेक्षकांना एकही चूक दिसली नाही. उडीत पाय १८० अंशांऐवजी १६५ ला उघडले तर ०.१, १४५ ला उघडले तर ०.३. तोल सावरायला हात हलला तर ०.१, जास्त डोलली तर ०.३, पडू नये म्हणून बीम धरला तर ०.५. तिचा व्हिडिओ असेल तर घड्याळ लावून आधी थांबे मोजा. माझा अंदाज आहे की ते ०.१५ तुम्हाला तिथेच सापडतील, पण व्हिडिओ न बघता मी ते छातीठोकपणे म्हणणार नाही.

कोन मोजायला संगणकाची मदत आता मोठ्या स्पर्धांत मिळते. फुजित्सू कंपनीने बनवलेली हालचाल टिपणारी यंत्रणा २०१९ पासून वापरात आली आणि २०२३ च्या अँटवर्प जागतिक स्पर्धेत ती सगळ्या साधनांवर होती. जिल्ह्यापर्यंत ती यायला वेळ लागेल. तोवर आपला फोन.

राहिला प्रश्न कबड्डीत घालायचा. तो पंचांवरून ठरवू नका, मुलीवरून ठरवा. समोरचा काय करेल हे ओळखून चकवायला तिला आवडत असेल, धक्काबुक्कीत ती खुलत असेल, तर कबड्डी तिला नक्की मानवेल. एकच कोलांटउडी शंभर वेळा करून एकशे एकाव्या वेळी गुडघा सरळ राहिला म्हणून हसणारी असेल, तर ती योग्य जागी आहे. दोन्ही आवडत असेल तर नवव्या वर्षी दोन्ही खेळू द्या.

पुढच्या स्पर्धेला फोन बीमच्या टोकाशी उभं राहून धरू नका. त्या बाजूने सरळ रेषा दिसते, पायांचा कोन दिसत नाही. बीमच्या मधोमध, काटकोनात, पूर्ण ५ मीटर लांबी चौकटीत येईल इतकं मागे उभं राहा, फोन आडवा, बीमच्या उंचीला म्हणजे साधारण सव्वा मीटरवर धरा, आणि तिने सलाम केल्यापासून उतरून पुन्हा सलाम करेपर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवा. झूम करू नका. मग तो व्हिडिओ आणि डी-ई चे आकडे घेऊन प्रशिक्षकांसमोर बसा, आणि मामांनाही शेजारी बसवा.